काटेमावशींची तर्जनी

काटे हे मावशींचं आडनाव नव्हे. खरं आडनाव त्यांना स्वतःलाही सही करायच्या वेळीच आठवतं. बंदरावरून वर येणाऱ्या चढाच्या रस्त्यावर चौदा टेबलांचं एक हॉटेल आहे, त्याच्या किचनमध्ये खिडकीजवळ एक लांब फळी आहे, आणि त्या फळीशी उभं राहून मावशी गेली एकतीस वर्षं माशांच्या अंगातले काटे काढत आल्या आहेत. कधीतरी मासेवाल्याने लांबून हाक मारली, "ओ काटेमावशी!" आणि तेच नाव चिकटलं. मावशींनी हरकत घेतली नाही. "नावात काटे असले तर असू देत," त्या म्हणाल्या, "ताटात नसले म्हणजे झालं."

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना वाटतं, यात काय मोठंसं? काटा दिसला की चिमट्याने ओढायचा. दिसला की! तिथेच तर सगळी मेख आहे. मोठे काटे मणक्याबरोबर सुटून येतात, ते कोणीही काढेल. पण मणक्यावरून सोडवलेल्या सलग फाकेच्या जाड भागात बारीक काट्यांची एक रांग दडलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तर्जनीचं टोक फाकेवरून हलकेच फिरवायचं आणि बोट जिथे कणभर अडखळेल तिथे चिमटा लावायचा. सरळ वर ओढलं तर मांस फाटतं. काटा ज्या कलाने वाढलाय त्याच कलाने, त्याच्या मनाविरुद्ध न जाता काढावा लागतो. माणसाच्या पोटातली गोष्ट काढतात तसा, असं मावशी नव्या माणसाला सांगत. त्यांच्या स्वतःच्या पोटातली गोष्ट मात्र गेले तीन महिने कोणालाही काढता आली नव्हती.

मावशी इथे आल्या त्या भांडी घासायला. दुसऱ्याच महिन्यात तेव्हाच्या मासे कापणाऱ्याने स्वतःचा अंगठा कापून घेतला. फळीवर अकरा मासे तसेच पडलेले, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, आणि तेव्हाचे मालक डोक्याला हात लावून उभे. मावशींनी हात पुसले आणि चिमटा उचलला. त्याआधी त्यांनी आपल्या मुलीच्या पायातलं कुसळ सोडून चिमट्याने काहीही काढलेलं नव्हतं. अकरा मासे झाल्यावर मालकांनी फाकांवरून आपला हात फिरवून पाहिला, मग मावशींच्या हाताकडे पाहिलं, आणि भांड्यांसाठी दुसरं माणूस बघायला सांगितलं. त्या मुलीने मात्र मोठेपणी मासे खाणंच सोडलं. लांबच्या शहरात राहते, फोनवर म्हणते, "आई, तुझ्या हाताला अजून तोच वास येतो का गं?" यावर मावशी फोन दुसऱ्या हातात घेतात.

आता तिथला जो मुख्य आचारी आहे, ज्याला सगळे शेफ म्हणतात, तो बाविसाव्या वर्षी आला तेव्हा त्याला माशाचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे एवढंच ठाऊक होतं. चिमटा कसा धरायचा हे मावशींनी शिकवलं. आज तो चाळिशीला आलाय, डोक्यावरचे केस निम्मे गेलेत, आणि सगळं किचन त्याच्या एका शब्दावर हलतं. चारचौघांत मावशी त्याला "शेफ" म्हणतात. एकटा सापडला की "अरे".

आणि शेफचा खरा सण म्हणजे वसंत. हिवाळाभर तो चुलीपाशी उभा असतो, पण मनाने कुठे असतो देव जाणे. पहिल्या कोवळ्या वाटाण्याची टोपली मागच्या दाराने आत आली की मात्र त्याच्या अंगात वारं शिरतं. मग ओला लसूण येतो, बोटाएवढी गाजरं येतात, नखाने साल निघेल असे नवे बटाटे येतात, शेपूच्या जुड्या येतात. खालच्या बंदरावरून बारीक कोळंबी येते, शिंपले येतात. शेफ एकेक गोष्ट उचलतो, मोडतो, वास घेतो, कच्चीच चावतो. त्याचा एक नियम साऱ्या किचनला पाठ आहे: वसंतातल्या भाजीची आचेशी फक्त ओळख करून द्यायची, लग्न लावून द्यायचं नाही. म्हणून वाटाणा वीस आकडे मोजेपर्यंतच पाण्यात राहतो. गाजराचा देठ तसाच ठेवतात. शिंपले ओल्या लसणाच्या पातीवर टाकून झाकण घातलं की शेफ झाकणाला कान लावून उभा राहतो, आणि आतला तडतडाट थांबला की कोणी काही बोलायच्या आत भांडं खाली.

पण वसंताचा मुख्य पाहुणा वेगळाच. एक मोठा, तांबूस मांसाचा मासा वर्षातले सहा-सात आठवडेच किनाऱ्याजवळ येतो. किचनमध्ये त्याला सगळे "जावई" म्हणतात. येतो तेव्हा आपल्या सवडीने येतो, आला की सगळं घर त्याच्याभोवती नाचतं, आणि अंगात काटे फार. या जावयासाठी शेफ वाटाण्याच्या रिकाम्या शेंगा फेकत नाही. त्या मंद आचेवर पाण्यात ठेवतो, पाण्याला हिरवा गोडवा येतो, शेंगा गाळून त्या पाण्यात थोडं लोणी आणि ओला लसूण जातो. मग आच बंद. मासा त्या गरम पाण्यात नुसता झोपवायचा आणि झाकायचा. तो आपला आपण शिजतो. वर वाटाणे, शेपू, लिंबाचे चार थेंब. बस्स. एवढ्या मऊ माशात काटा राहिला तर तो लपायला जागाच नसते, थेट जिभेवर येतो. म्हणून जावयाला हात फक्त मावशींचा लागे.

त्याच किचनमध्ये मागच्या दाराशी एक बुटकं टेबल आहे. तिथे शेंगा सोलतात, पाला निवडतात. एके काळी तिथल्या भट्टीवर पाव भाजणारे काका गुडघे गेल्यापासून तिथे बसतात, रेडिओ ऐकतात आणि जो येईल त्याला हवामान सांगतात. त्या जागेला सगळे "पेन्शन" म्हणतात. कोणाचा हात चुकला, कोणी भांडं पाडलं, की लगेच आवाज येतो, "जा, पेन्शनीत जाऊन बस!" मावशीही अनेकदा हसत हसत असं म्हणाल्या होत्या. गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी ते म्हणणं बंद केलं होतं.

झालं असं, की हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी बर्फातून मासा उचलला आणि त्यांना बर्फ गार लागला नाही. त्यांना वाटलं, थंडीने बोटं बधिर झाली असतील, होतील मोकळी. दुपारी अंगठा मोकळा झाला, बाकीची बोटं झाली. उजव्या हाताची तर्जनी काही केल्या होईना. आठवडा गेला, दोन गेले. घरी त्यांनी ब्र काढला नाही, पण त्यांचे यजमान आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. बायको ब्लाउजच्या बटणाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ झटते हे त्यांच्या नजरेतून सुटणार थोडंच?

"अगं, डोळे मिट," एके सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले.

"हे काय आता म्हातारपणी?"

"मिट तर."

मावशींनी डोळे मिटले. यजमानांनी त्यांच्या तर्जनीवर काहीतरी ठेवलं.

"काय आहे?"

"ठेवा तर आधी."

"ठेवलंय," यजमान हळूच म्हणाले.

मावशींनी डोळे उघडले. बोटाच्या टोकावर मोहरीचा दाणा होता. मग यजमानांनी मिऱ्याचा दाणा ठेवून पाहिला, तो कळला. मोहरी परत ठेवली, नाही कळली. त्याच आठवड्यात यजमान त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं बर्फात हात, बोटाच्या नसा झिजल्यात, आहे त्याहून बिघडू नये एवढंच बघायचं. मावशींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला फळीशी हजर झाल्या.

दुसऱ्या हाताने करून पाहिलं का? पाहिलं. पण डावा हात एकतीस वर्षं फक्त मासा धरून ठेवायला शिकला होता, आणि हात काही शाळेत घालता येत नाही. मग मावशींनी दुसरी युक्ती काढली. काढलेले काटे ओळीने फळीच्या कडेला मांडून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. कोणत्या माशाच्या एका फाकेत बहुतेक वेळा किती काटे निघतात हे त्यांना झोपेतही माहीत होतं; जावयाच्या एकोणतीस. तेव्हा बोटाने कळो न कळो, चिमटा रांगेच्या अंदाजाने चालवायचा, आणि आकडा भरला की फाक पुढे. आतापर्यंत त्या मोजत होत्या ते नुसतं हौसेने. आता ते मोजणं हाच त्यांचा आधार झाला होता. ताकास तूर लागू न देता त्यांनी दोन महिने काढले.

आणि त्यातच मालकीणबाईंनी ती धमकी दिली. जुन्या मालकांच्या मागे हॉटेल त्यांच्या मुलीकडे आलेलं. बाई हुशार, कामाला वाघ, पण घाबरट. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका खाणावळीत कोणा गिऱ्हाइकाच्या घशात काटा अडकला, डॉक्टर आले, रस्त्यावर गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई किचनमध्ये येऊन म्हणाल्या, "आपल्याकडे एक जरी काटा निघाला ना, तर मासे साफ करून, तुकडे करून, पाकिटातून येतील. फळी उचलायची आणि तिथे दुसरा फ्रीज ठेवायचा. हे मी आत्ताच सांगून ठेवते." शेफचा चेहरा पडला. आता त्या एका बोटावर त्यांची जागाच नव्हे, सगळी फळीच उभी होती.

वसंताचा मेनू सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गोष्ट फुटली. मावशींचा शिरस्ता असा, की दहाला मासे संपवायचे, फाका ट्रेमध्ये झाकायच्या आणि मागच्या अंगणात काकांबरोबर चहा घ्यायचा. पंधरा मिनिटं. त्या दिवशी चष्मा फळीवर राहिला म्हणून त्या मध्येच परत आल्या. खिडकीशी शेफ उभा होता. त्याच्यासमोर एक वाटी पालथी घातलेली, आणि त्या वाटीवर मावशींची फाक आडवी टाकलेली. पालथ्या वाटीवर फाक टाकली की मांस ताणलं जातं आणि काट्यांची टोकं वर येतात. ही युक्ती नवशिक्यांना शिकवतात. याच शेफला अठरा वर्षांपूर्वी मावशींनीच शिकवली होती. तो बोट फिरवत होता, आणि त्याच्या डाव्या अंगठ्यावर काढलेले तीन काटे चिकटलेले होते.

मावशींनी चष्मा उचलला. "शेफ," त्या म्हणाल्या, "जरा थंड खोलीत या."

थंड खोलीचं दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, किती दिवस?"

शेफ खाली बघत होता. "महिना झाला असेल."

"रोज?"

"रोज नाही." मग तो म्हणाला, "रोज."

"आणि मला बोलला नाहीस."

"काय बोलणार, मावशी? मला चाखताना एक काटा लागला. म्हटलं, मावशींच्या माशात काटा? म्हटलं, बरं नसेल. मग दुसऱ्या दिवशी अजून एक. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीही..."

"म्हणजे मी मूर्खासारखी तिथे चहा पीत बसायची आणि तू इथे माझ्या पाठीमागे माझी लाज झाकायचास?" मावशींचा आवाज चढला. लाज वाटली की त्यांना आधी राग येई, हे घरी यजमानांना चांगलं ठाऊक होतं. "मी काय आंधळी झालेय? दया करतोस माझ्यावर?"

"दया नाही हो, मावशी."

"मग काय आहे?"

शेफला काय आहे ते सांगता आलं नाही. माया आहे असं चाळिशीचा माणूस थंड खोलीत उभा राहून कसं म्हणणार? तो टोमॅटोच्या खोक्याकडे बघत राहिला.

"उद्या मालकीणबाईंचं चाखणं," मावशी म्हणाल्या. "उद्या माझ्या माशाला कोणी हात लावायचा नाही. शब्द दे."

"मावशी, उद्याचा दिवस मला बघू दे. परवापासून..."

"शब्द दे म्हणते ना."

त्याने शब्द दिला. द्यायला नको होता. तो शेफ होता, सरळ नाही म्हणू शकला असता. पण ज्या बाईने पहिला चिमटा हातात दिला तिला नाही म्हणण्याएवढा मोठा तो तोवर झाला नव्हता, आणि मला तर वाटतं त्याचं तेच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी पावणेसातलाच आल्या. त्यांनी जावई धुतला, पुसला, फाका सोडवल्या. दोनच फाका, पण त्यांना दीड तास लागला. पहिल्या फाकेचे काटे मांडले, मोजले. एकोणतीस. दुसऱ्या फाकेचे मांडले. मधले दोन जरा आखूड निघाले, पण जावयाच्या शेपटीकडे काटे बारीक होतच जातात. मोजले. एकोणतीस. मावशींनी परत मोजले, मग अजून एकदा मोजले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. शेफ दोनदा फळीजवळून गेला. दोन्ही वेळा हात पाठीमागे बांधून गेला.

चाखणं बाहेरच्या हॉलमध्ये, दुपारी दार उघडायच्या आधी होतं. मालकीणबाई खिडकीच्या टेबलाशी एकट्याच बसल्या. आधी कोळंबी आणि मुळ्याचं ताट गेलं, मग शिंपले. "छान," बाई म्हणाल्या, "हं, छान." मग जावई गेला. हिरवट पाण्यात तांबूस मासा, वर वाटाणे, शेपू. मावशी झुलत्या दाराच्या गोल काचेतून बघत होत्या. त्यांच्या मागे काका उभे होते, त्यांच्या मागे भांडीवाली.

पहिला घास झाला. दुसरा झाला. तिसऱ्या घासाला मालकीणबाईंचा हात थांबला. त्यांनी दोन बोटं ओठांशी नेली आणि काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"शेफ, हे काय आहे?"

शेफने वाकून पाहिलं. काय आहे ते न वाकताही कळलं असतं.

"काटा आहे, मॅडम," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिला. आजचा मासा मी साफ केला."

दाराआड मावशींनी ते ऐकलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. अळीमिळी गुपचिळी. शेफला बाई काढणार नव्हत्या, शेफ गेला तर हॉटेल कोण चालवणार? फार तर बोलल्या असत्या. आणि मावशींची लाज मात्र झाकलेलीच राहिली असती. एकतीस वर्षांत काटेमावशींच्या हातून एकही काटा सुटला नाही असंच सगळे म्हणत राहिले असते. मावशींनी हे सगळं पाहिलं, समजलं, आणि दार ढकललं.

रबरी बूट घालून, ओल्या एप्रनने त्या हॉलमध्ये कधी गेल्या नव्हत्या. लाकडी जमिनीवर पाण्याचे ठसे उमटले.

"खोटं बोलतोय तो," मावशी म्हणाल्या. "काटा माझा आहे."

"मावशी, तुम्ही आत जा," शेफ म्हणाला.

"तू गप्प बस."

मालकीणबाईंनी एकदा शेफकडे, एकदा मावशींकडे पाहिलं. "एका काट्याला दोन मालक? अशा वेळी कोणीच मालक नसतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय."

"याने माझ्या माशाला आज हातही लावला नाही," मावशी म्हणाल्या. "मीच लावू दिला नाही. हट्टाने." मग त्यांनी ताटाच्या कडेचा काटा उचलला आणि उजव्या तर्जनीच्या टोकावर टेकवून दाबला. टोक आत गेलं. रक्ताचा टिपूस वर आला. मालकीणबाईंनी "अहो!" म्हणून खुर्ची मागे सारली. मावशींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बघा," मावशी म्हणाल्या. "मला कळत नाही. हिवाळ्यापासून कळत नाही. बोटाने काढतेय असं दाखवत होते आणि मोजून काढत होते. आज दोन्ही फाकांचे एकोणतीस भरले म्हणून मी खूश. आता कळतंय, त्यातले दोन आखूड होते. एकच काटा मोडून त्याचे दोन झाले होते, आणि मी ते दोन धरले. जो खरा राहिला तो तुमच्या तोंडात आला."

आणि मग मावशींना रडू आलं. बोट टोचलं म्हणून नव्हे, टोचल्याचं कळलं नाही म्हणून.

मालकीणबाईंनी टेबलावरचा पांढरा नॅपकिन उचलला आणि मावशींच्या बोटाला स्वतः गुंडाळला. बराच वेळ गुंडाळत राहिल्या. लहानपणी शाळेतून आल्यावर त्या याच मावशींच्या फळीशी स्टूल ओढून बसत, आणि मावशी त्यांना माशाचा डोळा दाखवून भिववत. ते दोघींनाही आठवत असणार.

"पाकिटातून मासे आणले," शेवटी मालकीणबाई नाक ओढत म्हणाल्या, "आणि त्यात काटा निघाला, तर तो कोणाचा हे विचारायला मी कोणाकडे जाऊ? इथे निदान दोघं हात तरी वर करतात. फळी राहू दे." मग त्यांनी घसा खाकरला. "पण मावशी, मासा..."

"बंद," मावशी म्हणाल्या. "मीच म्हणते, बंद."

बाईंनी मान हलवली, आणि खाली बसून उरलेला जावई जपून, एकेक घास तपासून, संपवला. चांगल्या माशाचा अपमान करायची त्यांच्या घराण्याची रीत नव्हती.

त्या दिवशी घरी मावशींनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान म्हणाले, "मग उद्यापासून घरीच राहा. मीही असतोच." मावशी म्हणाल्या, "तुम्ही असता म्हणूनच जाते." आणि दुसऱ्या दिवशी सातला त्या निघाल्या. चढावर त्यांचे पाय जड झाले होते, हे त्या कबूल करायच्या नाहीत, मी सांगतो.

बुटक्या टेबलाशी काकांनी त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती. उशीसुद्धा आणली होती. "या," ते म्हणाले, "आज दुपारनंतर वारा सुटणार." मावशींनी खिडकीकडे न बघता टोपली पुढे ओढली. शेंगा सोलायला तर्जनी लागत नाही, अंगठ्याने काम भागतं. दाणे वाडग्यात पडत होते. पाठीमागे फळीवर शेफ स्वतः मासा साफ करत होता, नवीन माणूस मिळेपर्यंत त्यालाच करावा लागणार होता. मावशींना चिमट्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला त्यांचा हात शेंगेवर थांबत होता. काकांनी रेडिओ मोठा केला. चांगला माणूस आहे.

थोड्या वेळाने त्यांच्यासमोर एक ट्रे येऊन टेकला. शेफने वाटाण्यांचा वाडगा कोपराने बाजूला सारला.

"मावशी, बघा ना जरा."

"मी काय बघणार? बोट मेलंय माझं."

"डोळे आहेत ना?"

"काटा डोळ्यांना दिसत असता तर मी एवढी वर्षं घालवली असती का त्यात?"

"काटा नका बघू. मी बोट फिरवतो, ते बघा."

"उगाच माझं मन राखायला येऊ नकोस. एकदा पाठीमागून केलंस, आता समोरून करतोयस."

"तसं असेल तर ओरडा," शेफ म्हणाला आणि फाकेवर बोट ठेवलं.

मावशींनी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. शेफचं बोट डोक्याच्या बाजूने निघालं. सावकाश चाललं होतं, बरं चाललं होतं. कल चांगला होता. मनगट जरा ताठ होतं, पण ते त्याचं पहिल्यापासूनच ताठ. बोट जाड भाग ओलांडून पोटाच्या उताराशी आलं, तिथून पुढे गेलं, आणि पार शेवटाला पोचलं.

"झालं," शेफ म्हणाला. "साफ आहे."

"मागे जा," मावशी म्हणाल्या.

"कुठे?"

"उतारापाशी. एवढा वेळ बोट चालत होतं, तिथे ते पळालं."

"तिथे काही नाही, मावशी. आत्ताच बघितलं की."

"बघितलं नाहीस. गेलास तिथून. मागे जा आणि सावकाश ये."

शेफने बोट मागे नेलं. या वेळी तो इतका हळू आला, की काकांनीही रेडिओचा आवाज कमी केला. उताराच्या खाली बोट थांबलं. त्याने चिमटा घेतला, कलाने धरला, ओढला. चांगला लांब, पांढरा काटा बाहेर आला.

शेफ त्या काट्याकडे बघत राहिला. मग त्याने मावशींकडे बघितलं. चाळीस वर्षांचा, निम्मं टक्कल पडलेला, सगळ्या किचनला धाकात ठेवणारा माणूस, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"त्या हाताने डोळे पुसू नकोस," मावशी म्हणाल्या. "चुरचुरतील." त्यांनी शेंगांची टोपली काकांकडे सरकवली, स्टूल ट्रेच्या जवळ ओढलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला. "अरे, उभा काय राहिलास? दुसरी फाक आण."